दुसऱ्या कानाचा होकार

माझ्या नवऱ्याला लष्करी विमानांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा नाद आहे. वैमानिक आपली ओळख सरळ सांगत नाहीत. प्रत्येक उड्डाणाला एक टोपणनाव असतं, कॉलसाइन, आणि तेही बदलत राहतं. कुठलं नाव कुठल्या विमानाचं हे ओळखण्यात या मंडळींचे रविवार जातात. त्यांचा एक नियम आहे. एकट्याच्या कानावर भरवसा ठेवायचा नाही. दुसऱ्यानं दुजोरा दिला तरच ओळख पक्की.

नवऱ्याचा हा दुसरा कान इथे लंडनमध्येच, एजवेअरला राहतो. इथेच जन्मलेली, चाळिशीची, मोडक्या मराठीत गोड बोलणारी बाई. त्यांच्यात तसलं काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि माझ्या पोटात दुखायचं ते त्यामुळेच जास्त. तसलं काही असतं तर भांडता तरी आलं असतं. मी काही सांगायला गेले की तो 'हं' म्हणायचा. तिचा फोन आला की ताडकन उठून बसायचा.

मग मीही ऐकायला लागले. ईलिंगच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याचा रेडिओ खरखरत असायचाच. पोळ्या लाटता लाटता कान द्यायचे.

एका रविवारी आम्ही तिघं धावपट्टीच्या कुंपणाशी उभे होतो. रेडिओवर 'हेरॉन' असं नवंच नाव आलं. दोघंही बुचकळ्यात पडले.

मी म्हणाले, "हे हवेत इंधन देणारं विमान. गेल्या आठवड्यात तुम्ही ओळखलंत तेच, तेव्हा 'थिसल' होतं. माणूस तोच आहे, आकडा सांगायच्या आधी घसा खाकरतो."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. वाटलं, जिंकले. मग त्यानं मान वळवली आणि तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

पुन्हा आवाज येईपर्यंत ती डोळे मिटून थांबली. "शी इज राइट. व्हॉइस सेम आहे. माझा लक्षच नव्हता."

तेव्हा कुठे त्याचा चेहरा खुलला. 'वा' म्हणाला, पाठ थोपटली. इतकी वर्षं संसार माझ्याशी, आणि माझं खरं ठरायला होकार तिचा. तिनं फ्लास्कमधला चहा आधी मला दिला. चहा चांगला झाला होता, याचाही मला राग आला.

परतताना गाडीत तो सारखं माझंच कौतुक करत होता. मी खिडकीबाहेर बघत 'हं' म्हणत राहिले.