दुसऱ्या दिवशीचा मांडव

आमचा सांगलीत मंडप-डेकोरेशनचा धंदा. लग्न असो, उरूस असो की गणपती, आमची झालर कुठे ना कुठे लागलेलीच असते. त्यामुळे मी नेपथ्य शिकायला विद्यापीठात चालले म्हटल्यावर अब्बांना काही उमजेना. मांडव बांधायला कॉलेज कशाला लागतं, असं त्यांनी विचारलं आणि पुढे सगळी वर्षं ते पाहुण्यांना 'पोरगी नाटकाचा मांडव घालायला शिकती' असंच सांगत राहिले. मी दर वेळी चिडायचे. तसं मला चिडायला फारसं निमित्त लागत नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा म्हणजे एक अख्खा प्रयोग. त्यात पास झाले की पुण्यातल्या एका नाटकमंडळीत माझं काम पक्कं होतं. प्रयोग आपापल्या गावी करायची मुभा होती, म्हणून मी सांगलीतलंच एक छोटं नाट्यगृह घेतलं. नाटक एका म्हाताऱ्या जोडप्याचं. लेक लग्न होऊन गेलीय आणि दोघं अंगणात बसून एकमेकांशी काय बोलावं ते शोधताहेत. मला ते अंगण ओकंबोकं हवं होतं. गोदामातलं सगळ्यात जुनं, विटकं कापड द्या, असं मी अब्बांना सांगितलं. त्यांचा चेहराच पडला. लेकीच्या परीक्षेला असलं कापड लावलं तर लोक काय म्हणतील, असं पुटपुटत त्यांनी ते दिलं आणि मी सकाळीच लावून टाकलं.

दुपारी मी परीक्षकांना जेवायला घेऊन गेले. परत येऊन रंगमंचावर पाय ठेवला. माझ्या अंगणाचं लग्नघर झालं होतं. लाल-सोनेरी झालर, चुण्या काढलेलं गुलाबी छत, झेंडूच्या माळा, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीला सॅटिनचा बो. मधोमध इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, अत्तर लावून अब्बा उभे.

"बघ," ते म्हणाले. "आमदाराच्या पोरीच्या लग्नात बी एवढं लावलं न्हवतं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयोगाला जेमतेम तास उरला होता. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या मागे उभ्या आमच्या मांडवाच्या कामगारांकडे लक्ष गेलं. त्यांच्यादेखत अब्बांना हे सगळं उतरवायला सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी नुसती त्या छताकडे बघत राहिले. बघता बघता वाटलं, नाटकातली लेक कालच गेली असं का असू नये?

"लय भारी झालंय अब्बा," मी म्हणाले. "आता हे लग्न उरकलं असं समजा. मला दुसऱ्या दिवशी सकाळचा मांडव करून द्या."

त्यांनी बाह्या सरसावल्या. मला पुढे काहीच सांगावं लागलं नाही. झालरीचं एक टोक सोडून त्यांनी ते तसंच लोंबू दिलं. छताचा कोपरा अर्धवट गुंडाळला. खुर्च्या एकावर एक रचून दोनच मोकळ्या ठेवल्या. शेवटी टेम्पोतून एक लहान मुलाची चप्पल आणून मधोमध टाकली. प्रत्येक लग्नात अशी एखादी मागे राहतेच, म्हणाले.

प्रयोगात म्हाताऱ्याने ती चप्पल उचलून हळूच बाजूला ठेवली, तेव्हा परीक्षक लिहायचं सोडून पुढे झुकले. परीक्षकांनी मला नंतर बोलावून विचारलं, ही कल्पना कुणाची? अर्धी माझी, अर्धी वडलांची, असं मी सांगितलं. ते हसले आणि पास झालीस म्हणाले.

मी पळत आत आले तर कामगार सवयीने झालर सोडायला लागले होते. शेवटच्या रांगेत बसलेल्या अब्बांनी त्यांना थांबवलं. मी पास झाल्याचं सांगून त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर रंगमंचावरून हलेना.

"जलमभर हे घाईघाईनं गुंडाळत आलो," ते म्हणाले. "बसून कवा बघितलंच न्हाई."

त्यांनी लोंबणाऱ्या झालरीकडे बोट केलं.

"सोमवारी तू पुण्याला चालली न्हवं? मंगळवारी आपल्या घरी असंच दिसंल."

मला हसूही आलं आणि रडूही. मग आम्ही दोघांनी मिळून झालर उतरवली, अजिबात घाई न करता.