धुराचं मशीन कुणाच्या गळ्यात?

आमच्या कामात रीडिंग कमी आणि किस्से जास्त जमा होतात. रीडिंग बंगळूरला पाठवावी लागतात. किस्से कुणी मागत नाही, म्हणून ते माझ्याकडेच साचून राहिलेत. परवा घरी सांगत बसले तर नवरा म्हणाला, "तू हसवायलीस का भांडायलीस?" खरं सांगू, मलाच कळेना!

काम तसं सोपं आहे. कागदावर! चुलीच्या धुरानं बायकांच्या छातीचं काय होतं, ते बघायचं. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या गावांत जायचं, चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या गळ्यात डबीएवढं मशीन अडकवायचं. ते चोवीस तास गुरगुरत हवा ओढतं आणि धूर मोजतं. धूर जास्त निघाला तर त्या घराला धुराडं असलेली चूल मिळते आणि बाईची छाती मोठ्या दवाखान्यात फुकट तपासतात. एका घराला तीन संधी. तिन्ही वेळा रीडिंग बाद झालं, की घर यादीतून कटाप.

टीम म्हणजे मी आणि बसवराज. तो गाडी चालवतो, मशीन सांभाळतो आणि मी चिडले की खिडकीबाहेर बघतो.

*

फॉर्मवर पहिला प्रश्न असा: 'स्वयंपाकघरात धूर होतो का?'

औरादजवळच्या एका घरात मी तो विचारला. आत माझा मलाच हात दिसत नव्हता. तुरीच्या तुऱ्हाट्या पेटलेल्या, वर ओल्या गोवऱ्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "न्हाई."

"अहो अक्का, मग हे काय आहे?"

"हे व्हय? हे भाकरीचं हाय."

बाई सांगेल तेच लिहायचं, असा नियम आहे. मी डोळे पुसत पुसत 'नाही' लिहिलं.

*

एका गावात सगळ्या घरांची रीडिंग इतकी स्वच्छ आली की बसवराज म्हणाला, "मॅडम, सुट्टीला हितंच येऊ." मला शंका आली. न सांगता सवरता परत गेले, तर घरोघरी चुली भडकलेल्या! कोपऱ्यात गॅसची शेगडी, तिच्यावर विणलेला रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं.

"अक्का, मशीन लावलं त्या दिवशी स्वयंपाक कशावर केला?"

"गॅसवर. तुमी येणार म्हून."

"आणि रोज?"

"रोज कामून? तुमी रोज येताय का?"

पाहुण्यांपुढं धूर करणं बरं दिसत नाही म्हणे! आता पाहुणे धूर मोजायलाच आलेत, हे त्यांना कसं समजावणार? अख्खं गाव पुन्हा करावं लागलं.

*

आता महादेवीचं सांगते. औराद तालुक्यातलीच. नवरा हैदराबादला कामाला, सासू वारलेली, घरात ती आणि सासरे मलप्पा अप्पा. ही बाई दोन वाक्यं बोलली की दाराची चौकट धरून खोकते. मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, बाकी कुणाचं होवो न होवो, हिचं नाव यादीत लागलंच पाहिजे.

मशीन तिच्या गळ्यात घालून आले. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात वांगी घेत होते, तर समोर मलप्पा अप्पा! पांढरं धोतर, डोक्याला पटका, आणि गळ्यात आमचं मशीन.

"अप्पा! हे तुमच्या गळ्यात कसं?"

"घरचा मालक कोण? मी. किमती वस्तू सुनंच्या गळ्यात घालून तू गेलीस, मला इचारलीस का?"

चोवीस तास ते मशीन पारावर बसलं, बाजार फिरलं, न्हाव्याकडं दाढी करून आलं. चुलीजवळ तेवढं फिरकलं नाही. एक संधी गेली.

*

अफजलपूरकडं एका घरात बाईनं मशीन खरंच नीट सांभाळलं. इतकं नीट की लोखंडी पेटीत, नव्या साड्यांच्या घडीत ठेवून वर कुलूप लावलं. "हरवलं तर तुमी कुणाला धरणार?" म्हणाली. बाहेर उसाच्या पाचटावर चूल चाललेली, आत मशीन साड्यांची हवा मोजायलंय!

बसवराजनं रीडिंग बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तालुक्यातल्या सगळ्यांनी पेटीतच ऱ्हायला पायजे."

मी त्याच्याशी सोलापूरच्या फाट्यापर्यंत बोलले नाही.

*

बंगळूरचे आमचे मोठे सर फोनवर सल्ले देतात. हुशार माणूस, पण चूल फक्त फोटोत बघितलेला.

"बायकांना खिडकी उघडायला सांगा."

"खिडकी नाहीये सर."

"मग दार उघडं ठेवायला सांगा."

"दारात म्हैस बांधलेली आहे सर."

मग म्हणाले, "म्हैस पण धूर घेते का? ते कुणी मोजलंय?"

मी फोन बसवराजकडं दिला.

*

मन्नाएखेळ्ळीला छातीच्या तपासणीचं शिबिर होतं. यंत्राची नळी तोंडात धरून सगळा जोर लावून फुंकायचं असतं. बायका लाजून हळूच फुंकायच्या, म्हणून बसवराज शेजारी उभा राहून ओरडायचा. एक म्हाताऱ्या अक्का आल्या. हा सुरू, "फुंका अक्का, फुंका! अजून! अजून! सोडू नका!"

अक्कांनी जीव खाऊन फुंकलं, नळी बाजूला केली, धापा टाकत विचारलं, "पेटली का रे?"

सगळा मांडव हसला. मी पण हसले. मग आकडा बघितला आणि हसू गेलं. त्या अक्कांच्या छातीत फारसा दम उरलाच नव्हता.

*

महादेवीच्या दुसऱ्या संधीला मी अप्पांना आधी नमस्कार केला, खुर्चीवर बसवलं, सगळं समजावलं. "अप्पा, हे मानाचं नाही. चुलीपुढं जो बसतो त्याच्या गळ्यात घालायचं असतं. सुनेच्या छातीचा प्रश्न आहे."

"तिच्या छातीला काय झालंय? बायका खोकतातच. माझी आई बी खोकायची."

"आणि आई कशानं गेल्या?"

"खोकल्यानं," अप्पा म्हणाले. अगदी सहज!

मशीन महादेवीच्या गळ्यात घातलं आणि निघाले. संध्याकाळी तिनं ते काढून खुंटीला टांगलं. कारण काय, तर अप्पा जेवायला बसले आणि त्यांना ते गुरगुरणं सहन होईना. दुसरी संधीही गेली. वर अप्पांनी जाहीर केलं, "आणि त्या धुराड्यासाठी माझ्या चांगल्या पत्र्याला भोक पाडू देणार न्हाई." घराच्या मालकाची सही नसेल तर रीडिंग चांगलं येऊनही उपयोग नाही. त्या दिवशी मी गाडीत रडले. रागानं हो, दुसरं काही नाही.

*

तिसरी संधी, म्हणजे शेवटची. सकाळी लवकर गेले, मशीन महादेवीच्या गळ्यात घालून वर दोरीची गाठ मारली. "ही गाठ उद्या मी येऊन सोडणार," म्हणाले. ती "व्हय अक्का" म्हणाली आणि खोकली.

दुसऱ्या दिवशी गेले, तर ओट्यावर मलप्पा अप्पा, आणि मशीन त्यांच्या गळ्यात!

माझा तोल सुटला. "अप्पा, तुम्हाला काही वाटतं का? शेवटची संधी होती! त्या पोरीचा जीव चाललाय आणि तुम्हाला मिरवायचं पडलंय!"

बसवराज खिडकी नव्हती म्हणून आभाळाकडं बघायला लागला.

अप्पांकडं नीट बघितलं तेव्हा दिसलं, डोळे लालबुंद, मिशा काजळलेल्या, हाताला दोन ठिकाणी चटके.

"तिचा भाऊ आलता," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तिच्या आईला बरं न्हाई म्हून घिऊन गेला, तू गेल्या गेल्या. शेजारीण डबा देते म्हणली. मी म्हणलं, मला काय भाकरी येत न्हाई व्हय? चुलीपुढं बसणाऱ्याच्या गळ्यात घालायचं, असं तूच सांगितलीस न्हवं? मग घातलो." आणि ते खोकायला लागले. थांबेचनात.

बसवराजनं मशीन लॅपटॉपला जोडलं. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन रेघा सरळ वर गेलेल्या. इतकं वाढलेलं रीडिंग आम्हाला त्या तालुक्यात एकाही घरात मिळालं नव्हतं. फॉर्मवर रकाना आहे, 'त्या दिवशी स्वयंपाक कोणी केला?' बसवराजनं लिहिलं, मलप्पा. चुलीपुढं बसला त्याच्याच गळ्यात मशीन, म्हणजे रीडिंग पक्कं! आता फक्त सही हवी होती.

मी अप्पांना रेघा दाखवल्या. त्यांनी बराच वेळ बघितल्या.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "इतका धूर रोज माणसाला सोसत नसतोय."

तेवढ्यात महादेवी आली. पहिल्या बसनं आली असावी, हातात माहेरची पिशवी. तिनं सासऱ्यांच्या हाताचे चटके बघितले, पिशवी खाली ठेवली, पदर खोचला.

"सरका मामा," ती म्हणाली. "चूल पेटवते, तुमी उपाशी असाल." आत गेली आणि लगेच तिचा खोकला ऐकू आला.

अप्पा तिकडं बघत उभे राहिले. मग माझ्या हातातला पेन ओढून घेतला.

"कुठं करायची सही, दाव. करतो. पर मशीन बिघडलंय, हे बी खाली लिव्ह!"