दुसऱ्या पिस्टनचा नमदा

केडगावच्या एका बँडमध्ये मी वीस-बावीस वर्षं ट्रंपेट वाजवतोय. मध्यंतरी न्यूमोनिया झाला आणि दीड-दोन महिने अंथरुणावर गेले. बरा होऊन वाजवायला उभा राहिलो, तर सूर लागायचा, पण उशीतून आल्यासारखा. बँडमास्तरांनी गाण्याची मुख्य चाल दुसऱ्याकडे दिली. घरी बायको म्हणाली, "जीव वाचलाय ना? मग कमी वाजवा की!" छातीच गेली, असं मीही धरून चाललो.

शेवटी ट्रंपेट विकायला काढला. नगरात वाद्यं दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो.

"का विकताय?"

"दम राहिला नाही, चाचा."

त्यांनी फळीवरचा एक ट्रंपेट माझ्या हातात दिला. "हा वाजवा."

मी फुंकला आणि दुकान दणाणलं. समोरचा टेलर मशीन थांबवून बघायला लागला.

"दम तर लई हाय तुमच्यात," चाचा म्हणाले.

मग त्यांनी माझ्या वाद्याच्या मधल्या पिस्टनची छोटी नळी ओढून काढली आणि आत बॅटरीचा उजेड टाकला. पिस्टन म्हणजे आरपार भोकं असलेला दट्ट्या. त्याचं भोक नळीच्या तोंडाशी नेमकं जुळलं, तरच हवा मोकळी जाते. माझ्या पिस्टनचं भोक वर सरकलं होतं, हवेला काठ आडवा येत होता. पिस्टनला वर जिथं थांबायचं, तिथं नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती असते. आजारपणात ट्रंपेटची पेटी बंद होती, तेवढ्यात कसरीच्या किड्यांनी ती चकती खाल्ली होती.

चाचांनी हार्मोनियमच्या नमद्यातून नवी चकती कापली. ती जाड झाली. दुसरी पातळ. तिसरी बसवून म्हणाले, "आता फुंका."

सूर मोकळा निघाला, अगदी पूर्वीसारखा. मला पुढं वाजवताच येईना, ट्रंपेट मांडीवर ठेवून मी डोळे पुसले. चाचांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि दुसरीकडं बघत बसले.

आठवड्याने पाथर्डीला लग्न होतं. दुसऱ्याच गाण्यात मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि हातानं खूण केली, पुढं या. त्या दिवशी वरात मारुतीच्या देवळापाशी पाऊण तास अडकली. नवरदेवाची आत्या नाचायची थांबेना, आणि मीही थांबलो नाही.