पुस्तकात नसलेला बंध

एम.एस्सी.च्या प्रबंधात मी दीड पान स्वतःच्या डोक्यातलं लिहिलं, हा माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा पराक्रम. बाकीची पानं इतरांच्या पुस्तकांतून आली होती, म्हणून ती फार सुबक होती.

त्या दीड पानात म्हणणं एवढंच होतं: नायट्रोजन काही धातूंना तीन हातांनी धरतो, म्हणजे तिहेरी बंध करतो, हे सगळ्यांना मान्य आहे. कार्बनला तर चार हात. त्यानं तीन हातांनी धातू धरला आणि चौथा दुसऱ्या कुणाला दिला, तर बिघडलं कुठे? गिरगावातल्या आमच्या खोलीत मी बटाट्याला भिजवलेला हरभरा खराट्याच्या तीन काड्यांनी जोडूनही पाहिला. छान बसला. आईने दोन्ही दुसऱ्या दिवशी उसळीत घातले.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमचे मार्गदर्शक सर परळच्या प्रयोगशाळेतून तडक सभेला जात. एका संध्याकाळी शिवाजी पार्कवर मी त्यांच्या शेजारी उभा होतो. वक्त्याने सांगितलं, दिल्लीवाले विचारतात, असलं राज्य कुठल्या नकाशात आहे? सर टाचा उंचावून ओरडले, "नकाशात नाही, म्हणूनच तर हवंय!" माझ्या अंगावर काटा आला. आपलं दीड पान पास झालं, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सरांची लाल पेन्सिल त्याच पानावर थांबली.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही, सर."

"मग वगळ."

"पण सर, काल तुम्हीच..."

"काल सभा होती. आज केमिस्ट्री आहे."

मी वगळलं. सरांची सही हवी होती आणि सहीमागोमाग नोकरी. वडील निवृत्तीला आले होते.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. सगळं झाल्यावर प्रबंध मिटून त्यांनी सहज विचारलं, "धातू आणि कार्बन यांच्यात तिहेरी बंध होऊ शकेल, असं तुम्हाला वाटतं?"

उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. सर पंख्याकडे बघत बसले होते.

"नाही," मी म्हणालो. "तसं कुठल्याच पुस्तकात नाही."

"असं," परीक्षक म्हणाले. मला पहिला वर्ग मिळाला. सरांनी पेढे वाटले आणि मी निर्लज्जासारखे दोन खाल्ले.

राज्य झालं, नकाशातही आलं. पुढे पंधरा-एक वर्षांनी जर्मनीत कुणी तरी तोच बंध करून दाखवला. ज्या नियतकालिकात ते छापून आलं, तो अंक घेऊन मी दादरला सरांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा पुसून लेख वाचला आणि खुर्चीतून उठलेच.

"अरे, हे तर तू तेव्हाच लिहिलं होतंस! ते पान आण बघू. जगाला दाखवू या!"

मी काय आणणार? सरांनी ते प्रबंधातून वगळायला सांगितलं होतं, एवढंच. घरी येऊन त्याचे तुकडे केले होते ते मी.