बंद केलेला टॅब
चामोर्शीत कॉम्प्युटर शिकवणारा माणूस म्हणून माझा जरा तोराच होता. कोणाचं मशीन अडलं की मला बोलावणं यायचं, आणि मी मुद्दाम थोडा उशिरा जायचो. त्या दिवशी बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवरून फोन आला. सेंटर चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, मशीन लय अटकून राह्यली. ब्राउझर हालतच नाई. आज नर्सिंगच्या फारमाची लास्ट डेट हाय."

पोचलो तर ब्राउझरमध्ये तीसेक टॅब उघडे. सातबारा, निकाल, आधार, काय काय. समोर स्टुलावर एक मुलगी माउस धरून बसली होती आणि थोड्या थोड्या वेळानं एकाच पानावर उगाच क्लिक करत होती. मी मेमरी पाहिली, नव्वद टक्क्यांच्या वर. मला चेवच आला.

"इतके टॅब कोन उघडे ठेवते बाई?" असं म्हणून मी मुलीला उठवलं.

"सर, तो फारम..." ती म्हणाली.

बाई झेरॉक्सकडून धावत आल्या. "सर, ते बंद नोका करू." तोवर मी अख्खा ब्राउझर बंद केला होता.

"घाबरू नका, सगळं परत येते," मी म्हणालो. आणि टॅब आले खरे परत. मुलीच्या टॅबवर मात्र लॉगिनचं कोरं पान होतं.

मग बाईंनी सांगितलं. ती साइट अर्धवट फॉर्म साठवून ठेवत नाही, काही वेळ हात लावला नाही की भरलेलं सगळं जातं. म्हणून कोणी राहिलेला कागद आणायला गावी गेला की इथे त्याचा फॉर्म जागा ठेवतात, सारखं क्लिक करत राहून. या मुलीचा एक दाखला घरी राहिला होता. तो आणायला तिचे वडील सकाळच्या बसनं जंगलातल्या गावी गेले होते. बाकी फॉर्म पूर्ण भरलेला होता.

पुन्हा लॉगिन करायला गेलो तर नुसती चक्री. शेवटच्या दिवसाची गर्दी. त्या फिरत्या चक्रीसमोर बसून मी ते केलं जे आल्याबरोबर करायला हवं होतं. ब्राउझरचाच टास्क मॅनेजर उघडला आणि कोण किती मेमरी खातंय ते पाहिलं. सगळे टॅब मिळून जेवढी खात नव्हते तेवढी एकटं एक एक्स्टेन्शन खात होतं, व्हिडिओ डाउनलोड करायचं. ते मागच्या खेपेला मीच टाकलं होतं, बाईंवर छाप पडावी म्हणून. कोणी पाहायच्या आत मी ते काढलं. मशीन लगेच सुरळीत चालू लागलं.

दुपारच्या बसनं वडील आले. प्लास्टिकच्या पिशवीत दाखला, त्याला घडीसुद्धा पडू दिली नव्हती. "झाला का फारम?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साइट बंद पडली."

संध्याकाळपर्यंत आम्ही खटपट केली. दोनदा लॉगिन झालं, दोन्ही वेळा निम्म्यात पान बंद पडलं. मग मुदत संपल्याचा लाल मजकूर आला. वडिलांना तो वाचता आला नाही. मुलीनं वाचून दाखवला.

ते माझ्यासमोर उभे राहिले. "आमचीच चूक झाली सर. कागद पह्यलेच आनाले पायजे होता. तुमाले फुकट तरास देला."

मुलगी माझ्याकडेच पाहत होती. तिला सगळं ठाऊक होतं, तिच्याच हातून मी माउस घेतला होता. मी बोलेन म्हणून ती थांबली असावी. शेवटी तिनं वडिलांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चाला बाबा, बस जाईन."

बसमध्ये तरी तिनं त्यांना खरं सांगितलं असेल, अशी मला अजून आशा आहे. मी नाही सांगितलं.