गायरान आणि शेवटचं पाणी

ती घटना आठवली की आजही आधी ऊन आठवतं. परभणीचं वैशाखातलं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय त्याला जास्त सांगायला नको. भर दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, ठाण्यात फिर्यादी फिरकत नाही आणि ठाणे अंमलदाराची पेंग उडवायला फोनच वाजावा लागतो. त्या दुपारी तो वाजला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता. "गायरानावर सोलरच्या वॉचमननं आबाला मारलंय. तिथंच पडलेत. लवकर या, न्हाईतर लोकं त्या वॉचमनला जित्तं ठेवत न्हाईत," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आम्ही गाडी काढली.

गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. गावाला लागून मोठं गायरान होतं आणि त्यावर सोलरचा मोठा प्रकल्प यायचा होता. शेजारची काही शेतं कंपनीनं भाड्यानं घेतली होती, ते शेतकरी खूश होते. गायरान मात्र सरकारी. कागदावर ते कुणाचंच नाही, म्हणून मोबदला कुणालाच नाही. चरायला मात्र सगळ्या गावाची गुरं तिथंच जायची. तारेचं कुंपण पडलं, फाटकावर वॉचमन बसला आणि गावानं संघर्ष समिती काढली.

समितीचे पुढारी म्हणजे हे आबा. सत्तरीकडे झुकलेले, धोतर-टोपीतले, दारात बैलजोडी बाळगून असलेले. मूलबाळ नव्हतं, पुतण्यालाच मुलगा मानलेला. मोर्चाच्या बंदोबस्ताला गेलो की ते मला म्हणायचे, "साहेब, तुमी सावलीत थांबा. आमी काय दगडं मारायला न्हाई आलो." पोलिसाला अशी माणसं फार भेटत नाहीत, त्यामुळे लक्षात राहतात.

गायरानावर पोहोचलो तेव्हा आबा फाटकाशेजारी उताणे पडले होते. भोवती दीड-दोनशे माणसं. वॉचमननं स्वतःला पत्र्याच्या केबिनमध्ये कोंडून घेतलं होतं आणि केबिनवर दगड पडत होते. आधी त्याला बाहेर काढून गाडीत घातलं, नाहीतर एकाचे दोन पंचनामे करावे लागले असते. मग आबांचा मरणोत्तर पंचनामा केला. अंगावर जखम नव्हती. प्रेत शवविच्छेदनाला परभणीला पाठवलं, तशी समितीनं घोषणा केली की वॉचमनवर खुनाचा गुन्हा दाखल होऊन काम बंद झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही.

प्रत्यक्ष पाहणारे दोघं पुढं आले. एक आबांचा पुतण्या, दुसरा त्याचा मित्र. दोघांचं म्हणणं एकच : दुपारी आबा फाटकावर जाब विचारायला गेले, वॉचमननं छातीत बुक्की मारली आणि आबा जागेवर कोसळले. वॉचमनची आबांशी सकाळीही झटापट झाली होती, ती तर निम्म्या गावानं पाहिली होती. संध्याकाळपर्यंत ठाण्यासमोर बायामाणसं येऊन बसली. वरून फोन सुरू झाले, की प्रकरण चिघळायच्या आत निकाली काढा. निकाली काढणं सोपं होतं. आरोपी कोठडीत होता, साक्षीदार दारात होते.

वॉचमन चाळिशीचा, जिंतूरकडच्या एका खेड्यातला. घरी बायको आणि दोन मुली. त्याची बायको डबा घेऊन आली आणि ठाण्याच्या लिंबाखाली बसून राहिली. तिच्याकडं कुणी पाहत नव्हतं आणि ती कुणाला काही विचारत नव्हती.

चौकशीत तो पहिल्यापासून एवढंच म्हणत होता, "सकाळी धक्का दिला साहेब. ते आत घुसायलेत म्हणून छातीला हात लावून मागं लोटलं. पर दुपारी म्या आबाला बघितलंच न्हाई."

"दुपारी कुठं होतास?"

"राऊंडला. कुंपनाच्या त्या टोकाला."

"फाटकावर माणूस पडला आणि तुला कळलं नाही?"

तो गप्प. माझ्या हवालदारांना ते गप्प बसणं म्हणजे कबुलीच वाटली. कुंपणाच्या त्या टोकाला कामाला असलेल्या मजुरांना विचारलं, तर वॉचमन तिकडं आलाच नव्हता. म्हणजे खोटं पकडलं गेलं. पण इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. गुन्हेगार जीव वाचवायला खोटं बोलतो, आणि बिनगुन्ह्याचा माणूस बऱ्याचदा नोकरी वाचवायला. मी सगळ्यांना बाहेर काढलं, त्याला चहा दिला आणि विचारलं, "झोपला होतास ना?"

त्यानं मान खाली घातली. "केबिनमंदी डोळा लागला साहेब. साहेबलोकाला कळलं तर कामावरून काढतेत." फासाच्या दोरीखाली उभा असलेला माणूस नोकरी जाईल म्हणून घाबरत होता.

मला ते पटलं, पण मला पटून उपयोग नव्हता. कोर्टात दोन साक्षीदार बोलणार होते आणि हा म्हणणार होता की मी झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. मृत्यू हृदय बंद पडून झाला होता. मी विचारलं, बुक्कीनं असं होऊ शकतं का? ते म्हणाले, "हृदय आधीच कमजोर होतं. बुक्कीची खूण दर वेळी उठतेच असं नाही. मी नाही म्हणू शकत नाही." म्हणजे तिथंही वॉचमनची सुटका नव्हती. मग त्यांनी एका ताटलीत काढून ठेवलेली वस्तू दाखवली. "हे तोंडात होतं. जिभेखाली."

तुळशीचं पान होतं. आम्ही दोघंही त्याच मुलखातले, त्यामुळे एकमेकांना समजावून सांगायची गरज पडली नाही. माणूस जायला लागला की त्याच्या तोंडात घरचं कुणीतरी तुळशीपत्र आणि पाणी घालतं. मारणारा घालत नाही. आणि त्या माळावर वैशाखात हिरवं गवताचं पातं नव्हतं, तिथं तुळस कुठली?

ठाण्यात येऊन पुतण्याला पुन्हा बसवलं. पोरगा तिशीचा, शिकलेला, बोलण्यात हुशार. मी सहज विचारावं तसं विचारलं, "आबा पडल्यावर पाणी वगैरे पाजलं असशील ना?"

"न्हाई साहेब. आमी पळत जाईस्तोवर मामला खतम झालता."

"जवळ तर गेला असशील."

"हात बी लावला न्हाई. कुनालाच लावू दिला न्हाई. पंचनामा व्हायचा असतो, तेवढं कळतं आमाला."

आपल्याला कायदा कळतो हे दाखवायची त्याला हौस होती. त्या हौसेपायी त्यानं स्वतःच दार लावून घेतलं. आता ते पान कुणी घातलं याला एकच उत्तर उरलं होतं आणि ते आबांच्या घरात होतं.

महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेऊन मी आबांच्या घरी गेलो. सगळं गाव त्यांच्या बायकोला काकू म्हणायचं. त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. भोवतीच्या बायकांना बाहेर जायला सांगितलं. अंगणात तुळस होती, तिच्याकडं मी मुद्दाम पाहिलं नाही.

काकूंचा जबाब तयार होता. आबा दुपारी जेवून गायरानाकडं गेले ते परत आलेच नाहीत. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात चढउतार नाही. पढवलेलं बोलणं असं सपाट असतं. अशा वेळी धाक दाखवून काही हाती लागत नाही, आणि नवरा गेलेल्या बाईला धाक तरी कसला घालणार? मला ठाऊक होतं की ही बाई एका गोष्टीबद्दल खोटं ऐकून घेणार नाही. मी म्हटलं, "काकू, एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. एवढा मोठा माणूस, पण बिनपाण्याचा गेला. तोंडात थेंब घालायला जवळ कुणी नव्हतं."

काकूंनी मान वर केली. "कोन म्हन्लं बिनपान्याचे गेले? माझ्या मांडीवर डोस्कं होतं त्यांचं. या हातानं पानी घातलंय म्या."

कॉन्स्टेबल खाली पाहत होती. काकूंच्या लक्षात आलं होतं की आपण काय बोलून गेलो, पण शब्द मागं घ्यायचा म्हणजे नवऱ्याला बिनपाण्याचा गेला म्हणायचं. ते त्यांच्यानं होईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "इचारा आता काय इचारायचं ते."

सकाळी फाटकावरची झटापट झाल्यावर आबा घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले, ओसरीवर आडवे झाले. दवाखान्यात न्यायला पुतण्या गाडी बघायला गेला, तो गाडी आणेपर्यंत आबा गेले होते. रडारड व्हायच्या आत पुतण्याच म्हणाला, की काकू, आबाला त्या वॉचमननंच मारलं, धक्का त्यानंच दिला. घरात मेले म्हटलं तर कुनी इचारत न्हाई. गायरानावर मेले म्हटलं तर गायरान वाचतं.

"तुम्ही हो म्हणालात?"

"त्यांचा जीवच गायरानात होता साहेब. मला वाटलं, त्यांना बी हेच पाहिजे असंल. जाताना तुळस न् पानी घातलं व्हतं म्या, मग म्हन्लं, न्या." थोडं थांबून म्हणाल्या, "त्यांच्याच बैलांनी नेलं. वरून कडबा टाकला. भर उन्हात कोन बघतंय?"

मी त्यांना सांगितलं की वॉचमनला दोन मुली आहेत. त्या म्हणाल्या, "मला कोनी सांगितलं न्हाई." एवढंच. मग त्यांनीच शाईच्या पॅडकडं हात पुढं केला आणि जबाबावर अंगठा उठवला.

पुढचं सगळं भराभर झालं. बैलगाडीचा आणि घराचा पंचनामा झाला. पुतण्यानं कबूल केलं. त्याच्या मित्रानं आधी आढेवेढे घेतले, मग तोही बोलला. खोटी साक्ष आणि खोटा पुरावा केल्याचा गुन्हा दोघांवर दाखल झाला, नोटीस देऊन सोडलं. वॉचमनला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. लिंबाखालची त्याची बायको उठली, डबा उचलला आणि त्याच्या मागं चालू लागली. कंपनीचा माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन आभार मानायला आला. मी त्याला म्हटलं, "तुमचं काम मी केलेलं नाही. उचला तो." तो गेला, पण काम त्याचं झालंच होतं.

पेपरात 'आंदोलकांचा बनाव उघड' असं छापून आलं. समितीची माणसं तोंड चुकवू लागली. गायरानाबद्दल कुणी बोलायला लागलं की समोरचा म्हणायचा, तुमचं माहीत आहे. गावाच्या तोंडाला पानं पुसून वर्षाच्या आत काचांच्या रांगा उभ्या राहिल्या. नंतर त्या रस्त्यानं जाताना बांधावर आखूड दाव्याला बांधलेल्या म्हशी पाहिल्या. त्यांना चरायला दुसरं कुठं नेणार? तक्रार खरी होती हो. पुरावा खोटा निघाला आणि त्याच्याखाली खरी तक्रारही गाडली गेली.

अंत्यविधीचं सांगायचं राहिलं. प्रेत ताब्यात दिलं त्या दिवशी गावात तणाव नको म्हणून मी बंदोबस्त नेला होता. गायरानावर दीडदोनशे माणसं होती, त्या दिवशी दारात दहाही नव्हती. तरणी पोरं अटकेच्या भीतीनं पाहुण्यांच्या गावी पळाली होती, पुतण्याचा मित्रही पेडगावकडं निघून गेला होता. आमची गाडी पाहूनच लोक येत नाहीत हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. गाडी हमरस्त्यावर पाठवली, तरी फारसा फरक पडला नाही. पुतण्यानं मडकं धरायचं होतं, म्हणून खांद्याला माणूस कमी पडू लागला.

तेव्हा मागून वॉचमन पुढं आला. तो आला आहे हे मलाही माहीत नव्हतं. टॉवेल डोक्याला गुंडाळून तो तिरडीपाशी वाकला.

काकू दारातून म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे बाबा. तू मारलं न्हाईस म्हनून म्या खरं बोलले. पर सकाळी तुजाच हात लागला व्हता त्यांना. आता आनखी नको."

आवाजात राग नव्हता. तो मागं सरला. मी टोपी हवालदाराकडं दिली आणि खांदा दिला. वॉचमन अंतर ठेवून स्मशानापर्यंत आला. परतताना मला गाठून म्हणाला, "साहेब, म्या धक्का दिला नसता तर आबा त्या दिशी गेले असते का?" डॉक्टर म्हणाले होते की हृदय आधीच कमजोर होतं, तेवढं मी त्याला सांगितलं. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही, आणि माझंही झालं नव्हतं.

या तपासाबद्दल मला प्रशंसापत्र मिळालं. मी तो नीट केला असं आजही म्हणतो, पुन्हा वेळ आली तर काकूंना तोच प्रश्न पुन्हा विचारीन. पण सत्य बाहेर काढलं असं आम्ही पोलीस मोठ्या तोंडानं सांगतो, तेव्हा ते कुणाच्या घरातून काढलं हे सांगत नाही. आबा गावासाठी मेले, एवढाच एक आधार त्या बाईजवळ उरला होता. एका परक्या माणसाच्या मुलींसाठी तिनं तो माझ्या हातात ठेवला. त्या दिवसापासून तिचा नवरा छातीत दुखून मेलेला एक म्हातारा झाला, आणि ज्या गावासाठी तो भांडला त्या गावानं तिच्या दारावरून जाणं सोडलं.