काळबादेवीतली मयत

कापूस विकायला काकासोबत मी पहिल्यांदाच मुंबईला गेलो. काळबादेवीत ट्रामच्या खडखडाटानं आधीच डोकं उठलं होतं, तेवढ्यात गर्दीतून एक तिरडी आली. आमच्या गावी, किन्हीराजात, मयत उठेपर्यंत कोणाच्याच घरची चूल पेटत नाही. इथं जिलेबी तळणाऱ्यानं मानसुद्धा वर केली नाही. गिऱ्हाइकं तिरडीला खेटून भाव करत होती!

"कसे लोक आहेत हे? माणूस मेला ना!" मी ओरडलोच.

"ओरडतं काहून? चाल," काका म्हणाला आणि वहाणा हातात घेऊन तिरडीमागं निघाला. गावात असंच करतात.

स्मशानात एका खांदेकऱ्यानं पेटती चूड काकापुढं धरली.

"आमी याचे कोणी नाही, बाप्पा," काका दचकला.

"आम्ही तरी कोण? मजुरीनं आलोय. मागं चालत आलात ते तुम्हीच."

"नाव तरी काय याचं?"

त्यानं खांदे उडवले.

काकानं अग्नी दिला.

गावी उतरलो तेव्हा काकाचं डोकं भादरलेलं होतं. ते पाहून बाया धावत आल्या, "कोण गेलं? कोण गेलं?"